शीड, शीट आणि एक्सेल शीट

बाइकच्या किमतीत शिडाची बोट मिळतेय म्हटल्यावर चौघांनी उड्या मारल्या. मग भर समुद्रात शीड खाली येईना! सेकंडहँड बोटीच्या दोऱ्यांचा गुंता सोडवता सोडवता एका सीझनमध्ये काय काय शिकलो, त्याची ही गोष्ट.

गेल्या फेब्रुवारीतला एक रविवार. दुपारचे साडेतीन. गेटवेसमोर मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँचेस इकडून तिकडे पळतायत. त्यांच्या मधोमध आमची चोवीस फुटी बोट. वर मोठं शीड, खाली आम्ही चौघं. दुपारनंतर मुंबईच्या समुद्रावर वायव्येचा वारा चढतो, हे आम्ही वाचलेलं होतं. त्या दिवशी तो वाचल्यापेक्षा जरा जास्तच चढला. बोट एका अंगावर कलली, कॉकपिटमधला डबा, बाटल्या, सनस्क्रीन सगळं एका कोपऱ्यात जमा झालं. 'बास! शीड उतरवू या,' असं एकमताने ठरलं. दोरी सोडली. शीड जागचं हललंच नाही.

ज्यांना अंदाज नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शिडाच्या बोटीला ब्रेक नसतो. शीड उतरवता येणं हाच तिचा ब्रेक. तो फेल झाला होता.

आम्ही दोघं दोरीला लोंबकळलो. तेवढ्यात बोट फिरली आणि शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, झपकन या बाजूची त्या बाजूला गेला. बँकेत काम करणाऱ्या आमच्या मित्राच्या डोक्यापासून चार बोटांवरून. त्याची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. शेजारून जाणाऱ्या मच्छीमार बोटीवरचा नाखवा ओरडला, 'पोरांनो, तोंड वाऱ्याकडं करा! वाऱ्याकडं!' मागचं छोटं इंजिन पाचव्या झटक्याला सुरू झालं, बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं आणि फडफडणारं शीड डोक्यावर घेऊन आम्ही कसेबसे आपल्या बोयाजवळ पोचलो. आजूबाजूच्या लाँचमधले पर्यटक आमचे फोटो काढत होते.

'खाली येत नाही ना? मग आधी वर ओढ'

आमच्या शेजारी जी बोट उभी असते, तिचे तांडेल काका मूळचे श्रीवर्धनकडचे. मुंबईच्या यॉटवाल्यांमध्ये बोट सांभाळणाऱ्या माणसाला तांडेल म्हणायची पद्धत आहे. काका आपल्या छोट्या होडीतून आले, वर बघितलं आणि म्हणाले, 'खाली येत नाही ना? मग आधी थोडं वर ओढ.'

एक झटका वर, मग सैल. पुन्हा एक झटका वर. तिसऱ्या वेळी डोलकाठीच्या टोकावर 'टक्' असा आवाज झाला आणि सगळं शीड आमच्या अंगावर कोसळलं.

'काका, वर चढून बघायचं का काय झालंय ते?' मी विचारलं. बोसनची खुर्ची नावाचा एक पाळणा असतो. त्यात माणूस बसवून त्याला शिडाच्याच दोरीने डोलकाठीच्या टोकापर्यंत ओढून घेतात. काकांनी आमच्या सगळ्या दोऱ्या एकेक करून चिमटीत धरल्या, वाकवल्या, सोडून दिल्या. म्हणाले, 'या दोऱ्यांवर मी माणूस चढवणार नाही. तुम्ही या दोऱ्यांवर समुद्रात गेला होतात?'

कोणी काही बोललं नाही. जेटीवर उतरल्यावर बँकवाला म्हणाला, 'मी बाहेर पडतो यार. माझा हिस्सा विका, नाहीतर फुकट ठेवा.'

म्हातारी आणि तिचे चार मालक

बोट घ्यायचं खूळ आमच्या डोक्यात शिरलं ते बातम्या वाचून. २००९-१०मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी त्याच 'म्हादेई'तून मुंबईहून निघाले आणि मध्ये कुठेही न थांबता मुंबईलाच परतले. २०२४-२५मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी 'तारिणी'तून जगाला फेरी मारली. हे सगळे लोक जग फिरून येतात, तर आपल्याला निदान मांडव्यापर्यंत जायला काय हरकत आहे? असा आमचा साधा फंडा.

मी, एक आयटीवाला, एक ग्राफिक डिझायनर मैत्रीण आणि बँकवाला. चौघांत मिळून एका चांगल्या बाइकच्या किमतीत ही बोट मिळाली. फायबरग्लासची, बरीच वर्षं न वापरलेली, नाव पुसलं गेलेलं. आम्ही तिला 'म्हातारी' म्हणायला लागलो. घेताना काय बघितलं? बोटीचा तळ बघितला, इंजिन बघितलं, गाद्या बघितल्या. दोऱ्या? त्या काय, दोऱ्याच तर आहेत! मोठं शीड चढवायची दोरी तर नवीकोरी, निळी, चकचकीत होती. मालकाने तेवढं तरी नवीन टाकलंय, म्हणून आम्ही खूश.

ही निळी दोरी लक्षात ठेवा.

शीड म्हणजे शीट नव्हे

पुढे जाण्याआधी थोडा शब्दकोश. शिडाच्या बोटीवर दोन प्रकारची दोरखंडं असतात. एक, डोलकाठी उभी धरून ठेवणाऱ्या तारा. त्या हलत नाहीत, म्हणून स्टँडिंग रिगिंग. दुसऱ्या, ज्या आपण ओढतो, सोडतो, बांधतो. त्या रनिंग रिगिंग. गाडीच्या भाषेत सांगायचं तर पहिलं म्हणजे चासी आणि दुसरं म्हणजे क्लच, ब्रेक, गिअरच्या केबल्स.

शीड वर चढवते ती दोरी हॅलयार्ड. शिडाचा कोन कमी-जास्त करते ती दोरी शीट. हो, इंग्रजीत शीट म्हणजे दोरी आणि मराठीत शीड म्हणजे कापड! पहिल्या महिन्यात 'शीट सोड' म्हटल्यावर आमच्यातला एक जण शीडच सोडायला धावायचा. बूम वर उचलून धरणारी टॉपिंग लिफ्ट, बूम खाली दाबून ठेवणारी व्हँग, शिडाची खालची कड ताणणारी आऊटहॉल, आणि वारा वाढला की शीड लहान करायला रीफच्या दोऱ्या. ही झाली मुख्य मंडळी.

एक्सेल शीट

काकांचा सल्ला होता, 'लगेच बाजारात पळू नका. आधी प्रत्येक दोरीला विचारा, तू कुठून आलीस, कुठे चाललीस.'

मग पुढचे दोन रविवार आम्ही बोयावरच बसून तेवढंच केलं. एका टोकाला हात लावायचा आणि दुसऱ्या टोकापर्यंत तिच्याबरोबर जायचं. कोणत्या कप्पीतून जाते, कुठे घासते, कुठल्या क्लीटमध्ये अडकते. प्रत्येकीला मास्किंग टेपची चिठ्ठी. एकूण बारा दोऱ्या निघाल्या. अकरांचं काम कळलं. बारावी डेकवरून रुबाबात निघून कॉकपिटमधल्या एका कड्याला संपत होती आणि काहीच करत नव्हती. ऑफिसात असतात ना तसे एकेक जण!

आयटीवाल्याने याची ऑनलाइन एक्सेल शीट केली. नाव, सुरुवात, मार्ग, शेवट, जाडी, लांबी, अवस्था. चौघांनाही लिंक गेली, बँकवाल्यालाही. त्याचं उत्तर आलं नाही. पण मंगळवारी रात्री बघतो तर शीटमध्ये एक नवा कॉलम होता : 'तुटली तर?'

रिस्कमध्ये काम करणारा माणूस शेवटी! एकेका दोरीपुढे त्याने प्रश्न टाकले होते. आम्ही उत्तरं भरायला लागलो आणि आमची सगळी यादीच उलटी झाली. आधी आम्ही दिसायला खराब असलेल्या दोऱ्या वर ठेवल्या होत्या. आऊटहॉलच्या अगदी चिंध्या झाल्या होत्या, पण ती तुटली तर? शीड जरा बेढब दिसेल, एवढंच. टॉपिंग लिफ्ट दिसायला बरी होती. पण शीड उतरवलेलं असताना ती तुटली तर अख्खा बूम कॉकपिटमध्ये बसलेल्यांच्या डोक्यावर. ती थेट पहिल्या तीनांत गेली. मोठ्या शिडाची शीट तुटली, तर बूम मोकाट. तीही वर. 'तुटली तर' बरोबर 'अडकली तर' असा आणखी एक कॉलम आला आणि त्यात निळ्या दोरीचा नंबर पहिला लागला.

गुन्हेगार सापडला

निळी दोरी नवी होती, मजबूत होती. मग ती अडकली कशी? उत्तर 'जाडी'च्या कॉलममध्ये होतं. निळी दोरी सहा मिलिमीटरची. बोटीवर जुन्या हॅलयार्डचा एक तुकडा कशाला तरी बांधलेला सापडला, तो दहाचा.

डोलकाठीच्या टोकाला एक चाक असतं. त्याच्या खाचेत दोरी बसते आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या भिंती असतात. दहाच्या दोरीसाठी केलेल्या चाकावर सहाची दोरी घातली की ती खाचेत नीट बसत नाही. ताण कमी-जास्त झाला की बाजूला सरकते आणि चाक नि भिंत यांच्या फटीत शिरून पाचरीसारखी घट्ट होते. तुम्ही खालून जितकी ओढाल तितकी ती आणखी रुतते. म्हणून काकांनी आधी उलट दिशेला ओढायला सांगितलं होतं.

म्हणजे बोटीवरची सगळ्यात नवी वस्तूच आमच्या जिवावर उठली होती. कोणीतरी कधीतरी 'चालतंय की' म्हणून हाताला लागेल ती दोरी ओवली, ती चकचकीत दिसली आणि आम्ही बाकी काही विचारलंच नाही.

दोरी ती दोरी नसते

मग खरेदी. ससून डॉकच्या आसपास मासेमारीचे दोर ढिगाने मिळतात, स्वस्तही असतात. पण त्यातले बरेच पॉलिप्रॉपिलीनचे. ते पाण्यावर तरंगतात, जाळ्यांना उत्तम. उन्हात मात्र लवकर कडक होतात आणि तुटायला लागतात. नायलॉन ताणतं. नांगरासाठी आणि बोट बांधण्यासाठी तोच त्याचा गुण, कारण लाटेचा झटका ते पोटात घेतं. हॅलयार्डला तोच अवगुण. हॅलयार्ड ताणली की शिडाची कड ढिली पडते, शिडाला पोट सुटतं आणि बोट पुढे जायच्या ऐवजी जास्त कलते.

आमच्यासारख्या हौशी मंडळींसाठी पॉलिएस्टरची दुहेरी विणीची दोरी बेस्ट : आत गाभा, बाहेर कव्हर. कमी ताणते, उन्हात टिकते, हाताला बरी लागते. डायनीमा हे त्याच्या वरचं प्रकरण. वजनाच्या मानाने पोलादाहून मजबूत, पण महाग आणि इतकं गुळगुळीत की साध्या गाठी त्यातून निसटतात, टोकं विणून घ्यावी लागतात. रेसिंगवाल्यांनी घ्यावं.

आणि सगळंच फेकायची गरज नसते, बरं का! मीठ आणि धूळ साचून काठीसारख्या झालेल्या तीन दोऱ्या डिझायनर मैत्रिणीने उशीच्या अभ्र्यात घालून कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवल्या. 'माझ्या बादलीत हे काय घातलंयस?' या आईच्या प्रश्नासकट त्या प्रोसेसला दोन दिवस लागले. दोन दोऱ्या मऊ होऊन परत आल्या. एकीचं कव्हर आतल्या गाभ्यावरून मोज्यासारखं सरकायला लागलं, ती बाद. जिची झीज एकाच टोकाला होती तिला उलटी करून ओवली. घासायच्या जागा बदलल्या की तीच दोरी आणखी काही वर्षं जाते.

हरवलेली हॅलयार्ड

आमच्या हॅलयार्ड पोकळ डोलकाठीच्या आतून जातात. जुनी दोरी नुसती उपसून काढली तर नवी आत घालायला रस्ताच उरत नाही. म्हणून जुनीच्या शेपटीला एक बारीक दोरा जोडायचा, जुनी ओढून काढायची, दोरा आत राहतो. मग त्याच दोऱ्याने नवी ओढून घ्यायची. ऐकायला केजीतला प्रॉब्लेम वाटतो.

मैत्रिणीने मोठ्या शिडाच्या हॅलयार्डला दोरा सुई घेऊन शिवला. टोकाला टोक, फुगवटा नाही, वर टेपचा एकच पदर. सर्रकन गेला. पुढच्या शिडाच्या वेळी आयटीवाला म्हणाला, 'शिवायचं कशाला? टेप बास आहे.' अर्ध्या वाटेत टेप सुटली. दोरी आमच्या हातात, दोरा डोलकाठीच्या पोटात. गप्पपणे सगळ्यांनी डबा खाल्ला.

काका आले, हसले, म्हणाले, 'मे महिन्यात काठी उतरवाल ना, तेव्हा बघू.'

तोवर विंच उघडले. विंच म्हणजे ज्या ड्रमभोवती दोरी गुंडाळून आपण ताण देतो तो. आत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. इथे एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट कळली. आतल्या दातेरी चाकांना ग्रीस लावायचं, पण ड्रमला उलटं फिरू न देणाऱ्या ज्या बारीक खिट्ट्या असतात त्यांना फक्त हलकं तेल. खिट्टी ग्रीसमध्ये चिकटली की विंच अचानक उलटा फिरू शकतो आणि हँडल तुमच्या मनगटावर.

मे अखेरीला, पावसाच्या आधी, म्हातारी पाण्याबाहेर आली आणि डोलकाठी आडवी झाली. टोकाचं चाक पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आलं. मधलं बुश झिजून चाक डुगडुगत होतं आणि बाजूच्या फटीत निळे धागे अजून अडकलेले होते. आम्ही त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. बँकवाल्याचा एका मिनिटात रिप्लाय आला : 'चाकाचा साइज मोजलात का?' नवं चाक बसलं, नवी दहाची दोरी आली, हरवलेली वाटही सापडली.

बोट बघायला जाताय? दहा मिनिटांत हे तपासा

* प्रत्येक शीड एकदा पूर्ण वर आणि एकदा पूर्ण खाली. मालकाने नाही, तुम्ही करायचं. खाली येताना अडखळलं तर कारण विचारा.
* दोरी वाकवून बघा. कडक, करकरणारी किंवा एखाद्या ठिकाणी काचेसारखी चकाकणारी असेल तर ती आतून थकली आहे.
* शीड पूर्ण वर असताना हॅलयार्डचा जो भाग चाकावर येतो, तो खास बघा. रोज तीच जागा घासते.
* दोरीची जाडी कप्पीच्या चाकाला आणि क्लीटला मॅच होते का? नव्या दोरीलाही हाच प्रश्न.
* कप्पीचं चाक बोटाने फिरवा. फिरत नसेल तर गोड्या पाण्याने धुवून पुन्हा फिरवा. तरीही नाही? बदला.
* शीटच्या मोकळ्या टोकाला आठच्या आकड्याची गाठ आहे का? ती नसेल तर जोराच्या वाऱ्यात टोक कप्पीतून निसटून जातं.
* ताण असलेली दोरी हाताभोवती कधीही गुंडाळू नका. हे तपासताना नाही, कायमच.

टाळ्या

ऑक्टोबरात म्हातारी पुन्हा पाण्यात गेली. वारा नावाला, ऊन मरणाचं. पहिल्या रविवारी जेटीवर बँकवाला उभा होता. 'फक्त बघायला आलोय,' म्हणाला. मुलगी आता वर्षाची होतेय, तिचे फोटो दाखवून झाले. मग तो बोटीवर चढला आणि फोनवर ती शीट उघडून एकेका दोरीचा माग काढायला लागला. बोयावरून बोट सोडायची नाही, अशी त्याची अट होती. आम्हीही मान्य केली.

सगळं बघून झाल्यावर त्याने हॅलयार्ड हातात घेतली. शीड वर गेलं. त्याने दोरी सोडली. शीड खाली आलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. असं दहा वेळा. घामाने शर्ट चिंब. दहाव्यांदाही शीड सरसर करत उतरलं आणि बूमवर घड्या घालून पडलं. शेजारच्या बोटीवरून तांडेल काका सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, 'काय रे बाळा, पटलं का?'

'पटलं काका.'

बोटीवर लोक शीड वर गेलं की टाळ्या वाजवतात. त्या दिवशी आम्ही चौघांनी ते खाली आल्यावर वाजवल्या. मग बँकवाल्याने बोया सोडला.